तीन पत्र्यांएवढे आभाळ

मित्रांनो, जवळ येऊ नका. लांबूनच ऐका. मला हात लावू नका, माझ्यावरची धूळ फुंकू नका. मी एक जुना पत्रा आहे. लोखंडाचा नव्हे, सिमेंटचा. एका मोटार-मिस्त्रीच्या गॅरेजवर चौतीस वर्षे मी पालथा पडून होतो. आता मी जिथे आहे, तिथे तुमचे काही काम पडू नये, एवढेच म्हणतो.

माझे मूळ डोंगराच्या पोटात. तिथे एक दगड असतो, तो पिंजला की कापसासारखा पिंजला जातो. त्याचे धागे इतके बारीक की उन्हाच्या तिरिपेतसुद्धा नजरेला सापडायचे नाहीत. ते धागे सिमेंटमध्ये कालवले, पाणी घातले, दाबले, लाटा उमटवल्या आणि वाळवले. झालो मी पत्रा. कारखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत आमची कीर्ती लिहिलेली होती : जळत नाही, गंजत नाही, कुजत नाही. मला तो आशीर्वाद वाटला. कोवळ्या वयात सगळेच शब्द आशीर्वादासारखे वाटतात.

मिस्त्रीने आम्हा बाराजणांना घरी आणले, तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते. घराच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि खिडकीसमोर चार हातांवर गॅरेज. भिंती त्याने स्वतः उभ्या केल्या. दोन पत्रे लांब पडले, ते करवतीने कापले. पिठासारखी पांढरी भुकटी उडाली. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर पाण्यावरही साय धरल्यासारखा थर. त्याने बोटाने तो बाजूला सारला आणि घटाघटा पाणी प्यायला.

मग माझी चाकरी सुरू झाली. ऊन माझ्या पाठीवर, सावली त्यांच्या डोक्यावर. माझ्याखाली इंजिने उघडली गेली, मिटली गेली. गिऱ्हाईक म्हणायचे, "मिस्त्री, तुमच्या गॅरेजात बरं गार वाटतं हो!" मिस्त्री वर बघून म्हणायचा, "आमच्या छपराची कृपा." पुढे त्यांना मुलगी झाली. तिला तो चिमणी म्हणायचा. तिची झोळी माझ्याच खालच्या वाशाला टांगली होती. झोळीला झोका देत बाई गुणगुणायची :

छपरा रे दादा माझ्या, ऊन घेई पाठीवरी,
सावलीची वाटी दे रे माझ्या लेकीच्या पदरी.

मला कुणी दादा म्हटले होते, मित्रांनो. एका पत्र्याला याहून मोठा मान कोणता?

आता माझ्यावरच्या मायेची गोष्ट सांगतो. ती सांगताना माझ्या पन्हळी अजून थरथरतात.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्री माझ्यावर चढायचा. वाशांवर फळी टाकायची, फळीवर गुडघे टेकायचे आणि तारेच्या ब्रशने माझ्या अंगावरचे वाळलेले शेवाळ खरवडायचे. कोरडेच. ओल्या पत्र्यावर पाय घसरतो, म्हणून पाण्याचा थेंबही तो वर नेत नसे. शेजारीपाजारी आपली छपरे वर्षानुवर्षे बघतही नसत. मिस्त्री मात्र मला घोड्यासारखा खरारा करायचा. बाई खाली शिडी धरून उभी असायची. धुळीचा पाऊस तिच्या डोक्यावर.

"अहो, पुरे की! माझे केस बघा, तुमच्या आधी म्हातारी केलीत मला."

"मग बरंच आहे. म्हातारीला कोण पळवून नेतंय!"

"शिडी सोडू का?"

"सोड. मग छपराला तूच ब्रश मार."

अशी त्यांची थट्टा. खाली उतरल्यावर मिस्त्री सदरा काढून द्यायचा. ती दारात उभी राहून तो तीनदा झटकायची, मगच भिजत घालायची. भिजवण्याआधी झटकायचे, ही तिच्या आईची शिकवण. चिमणी मोटारीच्या टपावर साचलेल्या पांढऱ्या धुळीत बोटाने फूल काढायची, आणि काढून झाले की फुंकर घालून उडवायची. पुन्हा धूळ, पुन्हा फूल, पुन्हा फुंकर.

प्रत्येक खराऱ्यात माझ्यातले धागे सुटत होते. मला कळत होते की काहीतरी जाते आहे. कुठे जाते आहे, हे कळत नव्हते. पत्रा तो पत्रा, त्याला छातीतले काय कळणार?

चिमणी मोठी झाली, नोकरीला लागली. मग एका वर्षी बाईला जिना चढताना दम लागू लागला. वय झाले, म्हणाले सगळे. मग पाण्याची बादली उचलेना. मग एके दिवशी ती माझ्याखाली केर काढता काढता गुणगुणत होती आणि "सावलीची" म्हणून थांबली. वाटीपर्यंत श्वास पोचला नाही. त्या अर्ध्या ओळीवर मी कान लावून बसलो. पुढचे शब्द आलेच नाहीत.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. कारखान्यात कुणी होते का, विचारले. नव्हते. मग त्यांनी विचारले, "घरावर छप्पर कसलं आहे?" उत्तर ऐकून म्हणाले, त्याच पत्र्यांचे धागे छातीत रुतून बसले आहेत.

त्या संध्याकाळी मिस्त्री गॅरेजात आला, दिवा न लावता स्टुलावर बसला आणि वर माझ्याकडे बघत राहिला. चिमणी मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, डॉक्टर तीन महिने म्हणाले."

"आईला कळलंय?"

"पडद्यामागूनच ऐकत होती."

बाईने रडारड केली नाही. खिडकीशी खाट लावून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला दुसरं काही नको. तो पत्रा तिथून गेलेला मला बघायचाय. माझ्या डोळ्यांदेखत."

ज्याला दादा म्हटले, त्याचे जाणे तिला बघायचे होते. मी रागावलो नाही. मला स्वतःलाच ते हवे होते.

पण मित्रांनो, मला चढवणे सोपे होते, उतरवणे कर्मकठीण. अशी छपरे उतरवणाऱ्या परवानाधारक कंपनीचा माणूस आला, टेपने मापे घेतली आणि एक आकडा सांगितला. मिस्त्री हसला. हसण्याखेरीज दुसरे काय करणार? "साहेब, तेवढ्यासाठी मी गॅरेजही विकलं आणि घरही, तरी तुमचे वरचे पैसे द्यायचे राहतीलच."

मग आला पाडकामवाला. तोंडात काडी, हातात घण. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे कुणी पापडाकडे पाहावे.

"दुपारपर्यंत जमीनदोस्त. फोडायचा, पोत्यात भरायचा, टाकायचा."

"कुठे?" चिमणीने विचारले.

"शाळेमागच्या ओढ्यात भर टाकणं चालूच आहे. कुणाच्या बापाला कळत नाही."

पैसे अगदी थोडे सांगत होता. मिस्त्रीचा हात खिशाकडे गेला होता. एका दुपारीत बायकोची इच्छा पुरी होत होती. तेवढ्यात खिडकीतून खोकला आला आणि खोकल्यामागून आवाज :

"अहो, त्याला वाटेला लावा."

"अगं, आजच्या आज होतंय. तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. पण शाळेतून पोरं घरी गेली की त्यांच्या आया कपडे झटकतात हो."

मिस्त्रीचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. पाडकामवाला काडी थुंकून निघून गेला.

चिमणी नगरपालिकेत गेली. तिथे खिडकीवरच्या बाईंनी स्वस्तातली वाट सांगितली. घरमालकाने स्वतः पालिकेच्या डेपोत आणून दिले तर पैसे नाहीत. पत्रा अख्खा उतरवायचा, फोडायचा नाही. साबणाच्या पाण्याने भिजवायचा. जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचा, चिकटपट्टी लावायची, वर काय आहे ते लिहायचे. महिन्याचा पहिला शनिवार. एका घराचे एका वेळी तीन पत्रे. नेणार तेवढेच उतरवायचे, दारात रचून ठेवायचे नाहीत.

"आमचे बारा आहेत," चिमणी म्हणाली. "जरा जास्त नाही चालणार? आई आजारी आहे."

"बाळ, चाललं असतं तर मी माझे आधी आणले असते," बाई म्हणाल्या. "माझ्याही डोक्यावर तेच आहेत."

बारा पत्रे, चार खेपा. चिमणीने घरी येऊन सांगितले, तेव्हा आईने बोटे मोजली. चौथ्या बोटावर थांबली. म्हणाली, "चौथी खेप मला काही सापडायची नाही. पण तीन तर बघते." मित्रांनो, स्वस्त म्हणजे काय, ते मला त्या बोटांवरून कळले. पैसे लागत नव्हते. महिने लागत होते, आणि तेच तिच्यापाशी नव्हते.

पहिल्या शनिवारी पहाटे फटफटताच मिस्त्री शिडीवर होता. तोंडावर मुखपट्टी, अंगावर टाकून द्यायचे कपडे, पाठीवर फवारणीचा पंप. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला पाणी पाजले. बोल्ट पिळून काढायचे तर पत्रा तडकेल, म्हणून एकेक नट तेल सोडून, अर्धा अर्धा तास थांबून सोडवला. इंजिनाशी कधी एवढे हळुवार वागला नसेल. चिमणी खालून पत्रा झेलायची. आधी टोकाचे तीन उतरले. लेकराला दुपट्यात गुंडाळावे तसे त्यांना गुंडाळले आणि शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेले. भिजलेले कपडेही न झटकता, तसेच पिशवीत बांधून दिले.

खिडकीतून आवाज आला, "अहो, आभाळ दिसतंय! तीन पत्र्यांएवढं."

दुसऱ्या खेपेला आणखी तीन पत्र्यांएवढे. तिसऱ्या खेपेला मागच्या आवारातल्या झाडाचा शेंडा दिसला, त्यात कावळ्याचे घरटे. बाई उशीवरून मान उचलून बघत राहिली.

"हे झाड चौतीस वर्षं इथेच होतं?"

"इथेच होतं," मिस्त्री म्हणाला.

"मग तुम्ही कधी सांगितलं नाही?"

मी आणि माझे दोन भाऊ मधोमध उरलो होतो, बरोबर तिच्या खिडकीसमोर. आमच्याआड झाडाचे अर्धे खोड लपलेले. चौथ्या खेपेचा शनिवार यायला अजून अठ्ठावीस दिवस होते.

एका दुपारी ती माझ्याकडे बघून गुणगुणली. प्रत्येक शब्दाला एक श्वास लागत होता. अर्धी ओळ झाली की विसावा घ्यायची, तरी ओळ पुरी केली :

छपरा रे दादा माझ्या, हळूच उतर खाली,
तुझी धूळ नको लागो दुजीच्या रे कपाळी.

तिसऱ्या खेपेनंतर सतराव्या दिवशी ती गेली. तेव्हा मी तिच्या डोळ्यांसमोरच होतो. हलता येत असते तर त्या सकाळी मी स्वतःहून बाजूला झालो असतो. पण पत्र्याला बाजूला होता येत नाही.

शनिवार आला. घरातले सुतक जेमतेम फिटले होते.

"बाबा, पुढच्या महिन्यात नेऊ," चिमणी म्हणाली.

"तारीख चुकवायची नाही. तिला हळू उतरवलेला हवा होता."

मला उतरवले. भिजवले. गुंडाळताना मिस्त्री थांबला, आत गेला आणि खिळ्याला टांगलेला तारेचा ब्रश घेऊन आला. क्षणभर मला वाटले, सवयीने हात उचलणार. त्याने ब्रश माझ्या पन्हळीत आडवा ठेवला आणि वरून प्लास्टिक ओढून घेतले.

डेपोच्या फाटकावर नगरपालिकेच्या खिडकीवरच्या त्याच बाई वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाठोडे चाचपले.

"यात मध्ये काय आहे? फक्त पत्रा ना?"

"ब्रश आहे."

"ब्रश कशाला?"

"त्यालाही तेच लागलंय," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी वहीत नोंद केली. टेम्पोपाशी उभी असलेली चिमणी तेवढ्यात खोकली. कोरडा, लहानसा खोकला. मिस्त्रीने वळून पाहिले.

"काही नाही बाबा, धूळ गेली असेल."

शब्द तिच्या तोंडून निघून गेला. मला मोटारीच्या टपावरचे ते फूल आठवले.

आता मी एका खोल खड्ड्यात आहे. वर माती, मातीवर आणखी माती. माझ्या शेजारी ब्रश गंजून चालला आहे, त्याची सुटका होईल. माझी नाही. जळत नाही, गंजत नाही, कुजत नाही. कारखान्याच्या दारावरचे ते शब्द खरेच होते, मित्रांनो. आणि जे इथे येऊ शकले नाहीत, तेही माझेच धागे आहेत. ते कुठे कुठे आहेत, ते मी कसे सांगू?

तुमच्या डोक्यावर माझा एखादा भाऊ असेल, तर वर बघा. अख्खा असेल तर त्याला असू द्या. खरवडू नका, कापू नका, भोके पाडू नका. उतरवायचाच झाला, तर आधी भिजवा आणि कुठे न्यायचा ते विचारून घ्या. ओढा कुणाचा तरी असतोच. माझ्यावर एका माणसाने फार माया केली, कोरड्या ब्रशाने. तेवढी माया माझ्या भावांवर कुणी करू नये.

मिस्त्री अजून त्या खिडकीशी बसत असेल. समोर आता पुरे झाड दिसत असेल.