डांबराखालची जीप

तळवलीत मी ज्या खोलीत भाड्याने राहत होतो, ती एका फाटकाच्या जागी बांधलेली होती. हे मला तिथे राहायला गेल्यावर कळलं. मागच्या खिडकीतून चौकोनी अंगण दिसे आणि त्या अंगणात एक जीप उभी असे. तिच्या चारही बाजूंना खोल्या. बाहेर जायला एकच बोळ, तोही मधे काटकोनात वळलेला. हंडा घेतलेली बाई त्यातून तिरकी होऊन जायची.

जीप दत्तूदादांची, म्हणजे आमच्या घरमालकांची. त्यांच्या वडिलांनी ती दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतली होती. मिठागरांच्या बांधांवरून आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, गुडघाभर पाण्यातून ती कशी जायची, हे दादा पुन्हा पुन्हा सांगत. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागरंही गेली, आणि जीप अंगणात येऊन थांबली. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने होतेच. त्यांतले कामगार भाड्याच्या खोल्या शोधत येऊ लागले. दादांच्या बायकोने, बायजाबाईंनी, अंगणाच्या एकेका बाजूला खोल्या काढल्या. शेवटची बाजू फाटकाची होती. ती बांधली तेव्हा दादा काविळीने अंथरुणाला खिळले होते. बरे होऊन बाहेर आले, तोवर जीप कोंडली गेली होती.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत बायजाबाईंनी सांगून टाकलं की होळी झाली की अंगणावरही पत्रे पडणार, तिथे आणखी खोल्या निघतील. भंगारवाला येऊन जीप बघूनही गेला. गॅसने जागच्या जागी कापतो आणि तुकडे घेऊन जातो, म्हणाला.

त्या संध्याकाळी दादा माझ्या दारात आले. मी एका कारखान्याच्या ग्रंथालयात कारकून होतो आणि घरात पुस्तकं असलेला त्या आळीतला एकटाच होतो. दादांना वाटे, पुस्तकात सगळं असतं. जीप दुरुस्त करायचं पुस्तक असेल का, असं त्यांनी विचारलं. मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं लोकांना होकार वाटतो. नंतरच्या एका रविवारी फोर्टच्या पदपथावर खरोखरच तसल्या जीपचं जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं परत येताना बसमध्ये वाटत राहिलं.

दादांचा बेत सरळ होता. गाडी नीट करायची, चालू करायची आणि अख्खी बाहेर न्यायची. कुठून, ते मात्र ते बोलत नसत. बोलता बोलता उठत आणि आमच्या खोलीची मागची भिंत बोटाने ठोकून बघत. आत पोळ्या लाटणारी माझी बायको, स्मिता, तो आवाज ऐकून माझ्याकडे बघे. वाशीच्या घरांच्या सोडतीत आमचं नाव लागलं नव्हतं. ही खोली गेली असती तर आम्हाला जायला जागा नव्हती.

एकदा बायजाबाईंनी दादांना भिंत ठोकताना पकडलं.

"पयली मना पाडा," त्या म्हणाल्या, "मंग खोली पाडा."

दादांनी हात मागे घेतला.

जीप काळी कुळकुळीत होती. मी तो रंग समजत होतो, पण ते डांबर होतं. पावसाळ्याआधी होडीचा तळ डांबरतात, तशी दादा दर वर्षी जीप डांबरत असत. मीठ वाहायची होडी विकून टाकली तरी जीपचं डांबर त्यांनी चुकवलं नव्हतं. लाकडाला पाण्यापासून वाचवतं ते लोखंडालाही वाचवेल, असा त्यांचा विश्वास होता, आणि मलाही त्यात काही चूक दिसली नाही.

पुस्तक म्हणत होतं की सुरुवात खालच्या सांगाड्यापासून करावी. म्हणून रॉकेलच्या चिंध्या आणि पटाशी घेऊन आम्ही जीपच्या मागच्या बाजूला खाली बसलो. डांबर झाडाची साल निघावी तसं निघालं, आणि त्याच्या पाठीला चिकटून लोखंडही निघालं. तांबडे, ओलसर पापुद्रे. सांगाड्याच्या कोपऱ्यात बोट आरपार गेलं.

दादांनी एक पापुद्रा उचलून जिभेला लावला. जन्म मिठागरात काढलेला माणूस. त्यांना दुसरी परीक्षा लागली नाही.

"खारा हाय," ते म्हणाले. "बापाच्या टायमाचा मीठ. मीच दर साली वरशी झाकन लावला."

खाजणाचं पाणी आत मुरलेलं होतं आणि दादांनी ते दर वर्षी जपून आत कोंडलं होतं. हातातली पटाशी कुठे ठेवावी ते मला सुचेना.

मग त्यांनी विचारलं, आता पुस्तक काय बोलतं.

पुस्तकात स्पष्ट होतं. सांगाडा कुजला असेल तर गाडी ओढू नये, ढकलू नये. सगळे भाग सुटे करावेत, सांगाडा वेगळा काढून सांधावा, मग पुन्हा जोडणी करावी. मी ते मनाशी परत परत वाचलं, कारण मला माझीच शंका येत होती. सुटे भाग बोळातून जाणार होते. म्हणजे माझी भिंत वाचत होती. हे पुस्तक सांगतंय की माझी खोली सांगतेय, कळेना. शेवटी दादांना मराठीत अडखळत सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की यात माझा फायदा आहे, तेव्हा आणखी कुणाला तरी विचारा.

"भाव, खोटा बोलनारा एवरा अरखलत नाय," दादा म्हणाले.

पण काम पुढे सरकलं नाही. कामावरून परत आलो की खिडकीतून दादा जीपच्या सीटवर बसलेले दिसत, हात स्टिअरिंगवर, समोर कोंबड्यांचा खुराडा. त्यांची भीती मला समजत होती. भंगारवालाही जीप सुटीच करणार होता. एकदा उघडलेली जीप पुन्हा जीप होईल, याची खात्री पुस्तक देत नव्हतं. जोडणी उलट्या क्रमाने करावी, एवढंच त्यात होतं. मी त्यांना ते सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं मला लगेच वाटलं.

होळी जवळ आली. एका सकाळी बायजाबाई हंडा कमरेवर घेऊन जीपसमोर उभ्या राहिल्या.

"तुमाला गारी बाहेर न्याची हाय का गारीन बसाचा हाय?" त्या म्हणाल्या. "एक काय तं ठरवा."

"सुटी केली आनि जोरता नाय आली तं?"

"तं नाय आली. कोंबऱ्यांकर बघत तं नाय बसनार."

दादांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग ते उतरले.

आम्ही बॉनेटपासून सुरुवात केली. बिजागरीचे नट डांबरात बुडालेले होते. तापवून, ठोकून ते सुटले. बॉनेट उभं धरून आम्ही बोळात शिरलो, दादा पुढे, उलटे चालत, मी मागे. वळणावर ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. माझ्या तोंडासमोर काळा पत्रा, दोन्ही खांद्यांना भिंती, आणि वर आभाळाची एक पट्टी. पलीकडे नळावर जायच्या बायका खोळंबल्या. त्यांतल्या केशरबाईंचा आवाज आला, "बायजे, आता तुझ्या घोवाला बोलानच एक खोली बांधून दे." सगळ्या हसल्या.

बायजाबाई हसल्याचं मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, दादा आता सोडून देतील आणि मी या पत्र्यामागे तसाच उभा राहीन. मग पलीकडून ते हळू बोलले.

"भाव, सोरू नका. पालखी वलवताव तशी वलवू. तुमचा टोक खाली घ्या, मना वर घेऊ दे."

मी गुडघे टेकले. बॉनेट भिंतीला खरवडत, डांबराचा पट्टा उठवत फिरलं आणि एकदम माझ्या हातांतून पुढे निघून गेलं.

मी बाहेर आलो तेव्हा दादांनी ते बाहेरच्या भिंतीला टेकवलं होतं. बायका कडेने वाट काढत निघाल्या होत्या. बायजाबाईंनी पदराने त्यावरची धूळ पुसली. डांबराला पदर चिकटला, तो त्यांनी ओढून सोडवला. दादा बॉनेटकडे बघतही नव्हते. ते परत बोळात शिरत होते.

"पुस्तक घेऊन या," ते मला म्हणाले. "आता कंचा भाग काराचा तो बघा."