गंधकाचे बुधले

समुद्राच्या पाण्याचा दुसरा बुधला माशांच्या काचेच्या टाकीत रिता करून बार्तुलने कंबर सरळ केली. तिन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते.

तो पटकन टाकी झाकून उभा राहिला. मागे पलंगावर पेरिना होती, त्याची बायको. मार्चमध्ये पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, असंच चाललं तर बाई महिना काढणार नाही.

घर बेटाच्या मधल्या डोंगरावर, खिडकीतून समुद्र दिसत नाही. म्हणून बार्तुलने समुद्रच घरात आणला. बंद पडलेल्या खाणावळीची जुनी टाकी, खाडीतली वाळू, जाळ्यात आलेले तीन बारके मासे. दुकानदाराने टाकीसाठी मिठाचा पुडा दाखवला तेव्हा हा त्याच्या तोंडावर हसला होता. "बेटावर राहून मीठ विकत घेऊ? वेड लागलंय का मला?" हवेचा पंपही त्याने घेतला नाही, म्हणाला पाणी गाळायचं यंत्र आहे तेवढं बास.

आणि काय सांगावं, पेरिना जेवायला लागली! हिरव्या-नारिंगी पट्ट्यांच्या क्नेझ माशाने एक घास खाल्ला की ती एक चमचा सूप घ्यायची. तीन आठवडे हे चाललं होतं.

"हल तिथून," पेरिना म्हणाली.

"थांब गं, काच पुसतोय."

"पाठीने पुसतोस? हल म्हणते ना!"

तो हलला. तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने नाक ओढून वास घेतला.

"पाणी कशातून आणलंस?"

"पाण्याचे नेहमीचे डबे शेजारचा मारिन घेऊन गेला. मग तळघरातले वाईनचे बुधले घेतले. रिकामेच होते की!"

"रिकामे! अरे कर्मा! शरद ऋतूत गंधक जाळून, धूर कोंडून, बुचं कोणी लावली? तूच ना? आयुष्यभर द्राक्षं तुडवलीस आणि एवढं कळलं नाही? त्या धुराच्या पाण्यात गुदमरताहेत ते, मेल्या!"

बार्तुलने रिकामा बुधला नाकाशी धरला. बुरशी धरू नये म्हणून दरवर्षी बुधल्यांना तो स्वतःच धुरी द्यायचा. आज ते विसळावेत एवढंही त्याला सुचलं नव्हतं.

"आता काय करू?"

"हवा घाल! पातेलं घे, उंचावरून ओत!"

तो टाकीतूनच पातेलं भरून उंच धरायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. खांदे भरून आले, शर्ट भिजला, पण थांबायची त्याची छाती नव्हती. तासाभराने एक चंदेरी मासा उलटा झाला. त्याने तो मुठीत लपवला.

"दिसला मला," पेरिना म्हणाली. "ओत."

दुसरा चंदेरी हळूहळू तळाकडे सरकला, पण कल्ले हलत होते. आणि क्नेझ? तो कुठेच दिसेना. घाबरला की तो वाळूत शिरायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. वाळू सपाट होती. खाली तो जिवंत आहे की मेलाय, हे उकरून पाहायची बार्तुलला हिंमत होईना.

जेवणाची वेळ झाली. सूप गार होत होतं. त्याने वाटी उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. तिने तोंड फिरवलं तर?

"अहो शहाणे," पेरिना म्हणाली, "ते सूप काय नुसतं बघायला केलंय?"

"तो वर आला नाही अजून."

"मला दिसतंय." तिने उजव्या हाताने चादर सरळ केली. "उद्या येईल, परवा येईल. आला आणि मी इथे नसले, तर त्याची वाट कोण बघेल? तू? तू तर बुधले भरशील. आण तो चमचा इकडे."

बार्तुलने चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने डोळे वाळूवरून न हलवता सूप गिळलं.