मागच्या बैठकीच्या मुठी

रिस्टिनच्या बोटांवर अख्ख्या कळपाचा भरवसा होता. ऐन हिवाळ्यात दूर उत्तरेला, इनारीकडे सूर्य वर येतच नाही. रेनडियरच्या कानांवर केस दाटतात, त्यांवर दंव बसतं आणि मालकीच्या खुणेसाठी कडेला दिलेले काप दिसेनासे होतात. अशा वेळी ती हातमोजा काढून कानाची कड चाचपायची आणि जनावर कोणत्या घरचं ते सांगायची. गेल्या हिवाळ्यात मात्र ती चुकली. "हात गारठले होते," एवढंच म्हणाली. पुन्हा चूक झाली तर घरोघरची जनावरं वेगळी करायच्या कुंपणातली तिची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं तिचा पुतण्या योव्ना आता उघड बोलू लागला होता.

तिच्या मुलाने, इस्सतने, दोष स्नोमोबाइलला दिला. मागच्या बैठकीच्या, धरून बसायच्या मुठी नावालाच गरम होत. त्याने त्यांचं जुनं रबर चाकूने कापून काढलं, तुटकी तार बदलली, दांड्यांवर जास्त तापणाऱ्या पट्ट्या चिकटवून वर पातळ रबर चढवलं. आईला चाचपडावं लागू नये म्हणून बटणही पुढे, स्वतःच्या हाताशी आणलं.

"जाड मोजे नकोत, आई. ऊब आत पोचायची नाही. लोकरीचे पातळ घाल."

"एवढी काळजी! लग्न केलं असतंस तर बायको सुखात राहिली असती."

"तिनं एवढे टोमणे मारले असते का?"

"याहून जास्त. चल, उशीर होतोय."

"फार तापल्या तर पाठीवर थाप मार."

इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मागच्याने पाठीवर मारलेली थाप तेवढी पुढच्याला कळते. गोठलेलं सरोवर निम्मं ओलांडलं तरी थाप पडली नाही. इस्सतने समाधानाने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

कुंपणापाशी उतरून रिस्टिनने मोजा ओढला. तो निघेना. तिने जोर केला, तेव्हा लोकरीबरोबर तळव्याची कातडीही सोलून आली.

"आई!"

"ओरडू नकोस, जनावरं बुजतात."

"अगं, हात बघ तुझा!"

तिने पाहिलं. लालभडक तळवा, त्यावर फुगलेले फोड. कितीतरी वेळ ती पाहतच राहिली, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

"मला वाटलं, तुझ्या मुठी तापतच नाहीत," ती हळूच म्हणाली. "एवढी मेहनत केलीस. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

 इस्सतने तिच्या बोटाच्या टोकात नख रुतवलं.

"हे कळतंय?"

"काय?"

"कधीपासून, आई?"

"टोकं मागच्या हिवाळ्यापासून. तळवेही गेलेत, हे... हे आत्ता कळतंय मला."

तेवढ्यात योव्ना एक पाडस शिंगाला धरून ओढत आला.

"काकू, हे कुणाचं? लवकर सांगा, लाथा झाडतंय!"

सवयीने तिचा हात पुढे गेला. इस्सतने मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं, पण कानाला हात लावला नाही.

"मला नाही सांगता येणार रे. उजेड आणून तूच बघ. यापुढे मला विचारू नका."

"सकाळी सकाळी चेष्टा कसली करताय?" म्हणून योव्ना हसला. मग त्याची नजर तिच्या तळव्यावर गेली आणि शिंगावरची पकड सुटली. पाडस उसळून पळालं आणि कुणाचं आहे हे न ठरताच कळपात मिसळून गेलं.