दोनशे चौदा नंबरचा फोन

आमच्या कॉलेजात इंटरनेटवर चालणारे फोन आले आणि प्राचार्यांना आकाश ठेंगणं झालं. जणू फोनचा शोध ह्यांनीच लावला! मी तिथली टेलिफोन ऑपरेटर. एकोणीस वर्षं बोर्डासमोर बसून अख्ख्या कॉलेजचे फोन जोडून दिले. आता म्हणे ऑपरेटर नकोच. मला चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि पुढ्यात एक चकचकीत नवा फोन ठेवला.

ही सगळी करामत संगणक विभागाच्या प्रमुखांची. आम्ही त्यांना टायसाहेब म्हणायचो. कोणी शंका काढली की आधी टाय सरळ करायचे, मग बोलायचे. "सोपं आहे हो बाई. फोन उचला, कुठेही नेऊन लावा, नंबर फोनबरोबर जातो." प्राचार्य शेजारी मान डोलवायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान डोलवण्यात त्यांचा हात कोण धरणार!

मला काळजी होती ती फक्त मामांची. मामा म्हणजे आमचे म्हातारे शिपाई, रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये, तळघरात एकटे काम करायचे. छाती अधू, आणि आजूबाजूला सगळ्या ॲसिडच्या, अमोनियाच्या बाटल्या. म्हणून रोज अकरा वाजता मी स्टोअरचा नंबर, दोनशे चौदा, फिरवायचे. पलीकडून मामा म्हणायचे, "जिवंत आहे." मी म्हणायचे, "बरं, ठेवा." एवढंच बोलणं, पण एक दिवस चुकला नाही. शिवाय मामांना विभागाने बजावून ठेवलं होतं, काही फुटलं-सांडलं तर आधी फोन करायचा.

"तळघरात लागेल ना हो हा फोन?" मी टायसाहेबांना विचारलं.

"बाई, चंद्रावरसुद्धा लागेल." सगळे खो खो हसले.

उद्घाटन सोमवारी, अकराच्या ठोक्याला. संस्थेचे अध्यक्ष बाहेरून फोन करणार, प्राचार्य स्टेजवर तो उचलणार आणि सभागृहाला स्पीकरवरून ऐकवणार. टाळ्या कधी वाजवायच्या तेसुद्धा ठरलेलं. मी मेली खिडकीत. अकरा वाजले आणि मी सवयीने दोनशे चौदा लावला.

"नमस्कार अध्यक्षमहोदय!" प्राचार्यांचा आवाज. मागे टाळ्यांचा कडकडाट. "आज आपल्या महाविद्यालयाच्या इतिहासात..."

"अहो सर, मी बोलतेय. खिडकीतली बाई. हा मामांचा नंबर आहे. मामा कुठे आहेत?"

सभागृहात हशा पिकला. तो मला फोनमधून ऐकू आला आणि भिंतीपलीकडूनही. मग टायसाहेबांचा दबका आवाज आला, "सर, स्टेजसाठी एक फोन कमी पडत होता. सकाळी स्टोअरमधला आणला. तिथे असतं कोण!"

असतं कोण? मी फोन तसाच टाकला आणि जिना उतरत सुटले. दार ढकललं तर अमोनियाचा असा भपकारा आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. पदर नाकाला लावून आत शिरले. फुटलेली बाटली दारापासून चार पावलांवर. मामा मात्र दारापाशी नव्हते. ते पार पलीकडच्या टोकाला, फोनच्या फळीखाली पडले होते. मुठीत नुसती वायर. दाराकडे गेले असते तर चालत बाहेर आले असते, पण आधी फोन, असं सांगितलेलं ना! म्हातारा सांगितल्याप्रमाणे वागला.

मी ओरडत, शिव्या देत त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं. अँब्युलन्स आली. प्राचार्यही आले, हार गळ्यात तसाच.

दोन दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे केला. 'नव्या दूरध्वनी यंत्रणेमुळे अपघात एका मिनिटात लक्षात आला व कर्मचाऱ्याचे प्राण वाचले.' खाली माझ्या सहीची जागा. टायसाहेब टाय सरळ करत उभे.

"लाज कशी वाटत नाही हो?" मी म्हटलं. कागद टराटरा फाडला आणि त्यांच्याच टेबलावर ठेवला. नोकरीवरून काढतील तर काढोत, गेली उडत ती नोकरी!

खिडकीत परत आले तर फोन वाजत होता. घड्याळात अकरा. उचलला. पलीकडे नुसती घरघर, मागे हॉस्पिटलमधली गडबड.

"जिवंत आहे," मामा म्हणाले.

एकोणीस वर्षं मी "बरं, ठेवा" म्हणत आले होते.

"ठेवू नका मामा," मी म्हटलं. "बोलत राहा थोडं."