हातातल्या मुंग्या

जरा जवळ सरका, श्रोतेहो, मांडी सैल करून बसा. मुंग्यांची एक गोष्ट सांगायची आहे.

ड्रेस्डेनला पीएचडी करणाऱ्या ईप्सितानं डॉक्टरबाईंपुढे उजवा हात ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी तिचा डावा डोळा दुखून धुरकटला होता. तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यानं थीसिसचा ताण म्हणून तिची बोळवण केली होती. आता हाताची पाळी. हाताला जे होत होतं त्याला जर्मन शब्द काही सुचेना. शेवटी तिनं मराठीच उचलून जर्मनमध्ये मांडलं.

“माझ्या हातात मुंग्या आहेत. चालतायत.”

म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या भाषेतही असा हात मुंग्यांनीच भरतो. “गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणत त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि डोळ्याचं खोदून विचारलं. त्याच आठवड्यात एमआरआय झाला, मग पाठीतलं पाणी तपासलं.

मल्टिपल स्क्लेरोसिस. पूर्वी पुष्कळदा दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागे, असं मेंदूचे डॉक्टर म्हणाले. आता डोळ्याची नसही पुराव्यात धरतात, म्हणून पहिल्यालाच सापडलं; डोळा आणि हात महिन्याच्या आतले, म्हणून एकच झटका धरला. औषध सोमवारपासून.

पुण्याहून बाबांचा, हरीशरावांचा, फोन आला. घाई कशाला, इथं आणखी दोघांना दाखवू. एकदा कागदावर आजाराचं नाव चढलं की पुसत नाही, आणि शुभामावशीनं स्थळ आणलंय. ईप्सितानं स्पीकर लावला आणि औषधाच्या संमतीचा कागद पुढे ओढला.

“बाबा, स्थळाला कळवा, मुलगी आजारी आहे आणि हट्टीही. दुसरं जास्त त्रासाचं आहे.”

“इपू, थट्टा पुरे. इतक्या लवकर कशाला औषधं?”

“लवकर आहे म्हणूनच तर. हात गेल्यावर काय वाचवायचं?”

मग बाबांनी हसावं म्हणून तिनं मुंग्यांची फजिती सांगितली. पलीकडून हसू आलं नाही.

“शोभनाच्या हातालाही यायच्या,” हरीशराव म्हणाले.

शोभना त्यांची धाकटी बहीण, कीर्तन करायची. एकदा ऐन रंगात तिच्या हातून झांज गळाली, पुढे पाय अडखळू लागले. घरानं त्याला ढोंग म्हटलं. ईप्सिता जन्मण्याआधीच ती अंथरुणाला खिळली आणि वारली. तिला नेमकं काय झालं होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

“नाटकं बंद कर, असं मीच म्हणालो होतो तिला.” मग त्यांनीच विचारलं, “सही केलीस?”

“करतेय.”

“कर.”

श्रोतेहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा शोभनाचंही नाव घ्या. ती खरं बोलत होती.