आखाजीच्या घागरीपुढचा डाव

अहो, हळू! किती टिचक्या माराल? मी पक्की भाजलेली आहे, आवाजावरूनच कळेल. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पुजतात ती लाल घागर मी. शिंदखेड्याच्या झुलाल कुंभाराच्या चाकावर जन्मले.

बाजारात मंदाबाईने मला ठोकून ठोकून जीव नकोसा केला. पण तिचंही बरोबरच होतं. तिचे यजमान गिरधरनाना दिवाळीनंतर गेले. आखाजीला गेलेली माणसं घरी जेवायला येतात, असं आम्ही मानतो. नानांची ही पहिलीच आखाजी, त्यांच्या नावाने मला भरायचं होतं. ते येतील ना, एवढाच घोर त्या माउलीला लागला होता.

सणाला माझा थाट काय विचारता! डोक्यावर लोटा, लोट्यावर डांगर, म्हणजे खरबूज, भोवती आंबे नि सांजोऱ्या. शेजारी पुरणपोळी, आमरस. अंगणात माहेरवाशिणींचे झोके चालले होते. मंदाबाईने गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून घास टाकला. ही आगारी. तिने पेट घेतला की पितर जेवले.

पण कसलं काय! नुसता धूर, म्हणजे पितर रुसले.

"भाऊ रुसना, वहिनी!" पितांबर, नानांचा धाकटा भाऊ, डोळे चोळत म्हणाला.

"कसा रुसना? बठ्ठं त्यास्ना आवडीनं करेल शे!" पुरणपोळी, आमरस दाखवत मंदाबाई म्हणाली. पुन्हा तूप, पुन्हा धूर. बिचारीचे डोळे भरून आले, आणि ते धुराने नव्हते.

तेव्हा नात भाविका जवळ आली. ती मेक्सिकोत नोकरीला होती, सुट्टीवर आलेली. "आजी, तिकडेही असाच सण असतो. दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, फोटोपुढे साखरेच्या कवट्या ठेवतात..."

"अगं माय! कवट्या?"

"गोड असतात! आणि माणसाला जे आवडायचं तेच मांडतात. खाणंच नाही, कुणाची गिटारसुद्धा! मग गातात, हसतात. आपल्या नानांना जेवणापेक्षा जास्त काय आवडायचं?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मंदाबाई ताडकन उठली. गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून तिने पत्त्यांचा जोड काढला. गेल्या आखाजीला नाना डाव सोडून जेवायला उठेनात, म्हणून तिनेच तो रागाने दडवला होता. धान्य झटकून तिने तो माझ्या पायाशी ठेवला.

"नुसता ठेवून काय? मांडा मेंढीकोट!" पितांबर ओरडला. भाविका बसली, सून हेमलता बसली. चौथी जागा नानांची. त्यांची पानं मंदाबाईने उचलली. जन्मात पत्त्याला हात न लावलेली बाई! पण उभा जन्म नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावत भांडली होती, ते फुकट जाईल होय? चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, ओढून तिने पितांबरवर कोट चढवला आणि अशी खदखदून हसली, की अंगणातले झोके थांबले.

आणि भक्कन आगारी पेटली.

गोवरी उशिरा धरली म्हणा, वाऱ्याची झुळूक म्हणा. मी पोटात हसले.

"उनात!" नाना आल्याच्या आनंदात मंदाबाई टाळी वाजवून म्हणाली. "जेवाले नही, पत्ता खेयाले उनात!"

आता मी स्वयंपाकघरात असते. या, गार पाणी प्या. पण तुमच्या घरी कुणाचा जीव की प्राण असं काही कोठीत दडवलेलं असेल, तर ते माणूस समोर आहे तोवरच काढून द्या हो. आमच्या मंदाबाईला आता रोज दुपारी फोटोसमोर पत्ते वाटावे लागतात. वर दटावतेही, "पहिले जेवा, मंग डाव!"