गॅरेज क्रमांक एकेचाळीसमधली सोनेरी ज्योत

"आता बघ, रंग बदलेल," काल्यो कुजबुजला.

आणि बदलला. हीटरच्या जाळीमागची निळी ज्योत थरथरली, लांबट झाली आणि पिवळीधमक होऊन डोलायला लागली. एका गाडीपुरत्या गॅरेजात दाटीवाटीने बसलेल्या चौदा माणसांचा श्वास एकदम सुटला. कुणी डोळे पुसले. थर्मास पुढे सरकवणारा एक हात मध्येच थांबला.

"आलाय," हीटरला चिकटून, मागच्या भिंतीशी बसलेला वाम्बोला म्हणाला. वाल्गा गावात त्याला सगळे जाणता म्हणत. "आर्गो आलाय. ही त्याचीच सोन्याची पावलं. डोकं जड होईल. घाबरू नका, तो हात ठेवतोय. पाय हलके होतील, तो उचलून घेतोय. मळमळलं तर फारच उत्तम, साठलेलं दुःख सुटतंय. आणि ज्याला काहीच होणार नाही त्याने समजावं, त्याच्या मनात खोट आहे."

सगळ्यांना होत होतं. मनात खोट असल्याचं कुणाला दाखवायचं होतं?

पहिल्या खुर्चीवर लूले बसली होती. तिने दोन्ही हात ज्योतीकडे पसरले आणि म्हणाली, "आर्गो, तू जेवलास का रे?"

*पत्रक, पान ३. ज्योत निळी असावी. ज्योत पिवळी दिसल्यास हीटर ताबडतोब बंद करावा व सर्वांनी बाहेर पडावे.*

हीटरसोबत आलेलं हे पत्रक शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या एहाच्या खिशात होतं. एहा म्हणजे लूलेची मुलगी, आर्गोची थोरली बहीण. आर्गो गेल्यावर त्याच्या खणात, नटबोल्टच्या बरणीखाली, तिला ते सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात आर्गो याच गॅरेजात, याच हीटरसमोर, मोटरसायकलचं इंजिन खोलून बसला आणि उठला नाही. हीटर त्याने जुन्या बाजारातून आणला होता, सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त. हवा कमी पडली की गॅस आपोआप तोडणारी कळ त्यात होती. पण ती कळ सारखी हीटर विझवते म्हणून आधीच्या मालकाने तार पिळून तिचं तोंड बंद केलं होतं. "गुणी वस्तू आहे, कधी विझत नाही," आर्गो कौतुकाने सांगायचा.

आणि फटी लूलेने बुजवल्या होत्या. ऑक्टोबर आला की इथे घरोघरी पिठाची खळ शिजते आणि खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या बसतात. त्या वर्षी पट्ट्या उरल्या. लूले त्या घेऊन लेकाच्या गॅरेजात गेली आणि त्याला थंडी लागू नये म्हणून दाराची, खिडकीची एकेक फट प्रेमाने चिकटवून आली. बंद जागेत भट्टी घुसमटली की माणूस मरतो, हे या गावातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं, कारण प्रत्येकाच्या अंगणात सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, आहे आणि निखारे लाल असताना धुराड्याची झडप बंद करायची नाही हे प्रत्येकाला कान धरून शिकवलेलं असतं. पण गॅसला ना लाकूड, ना निखारा, ना धूर. त्याच्यात कसलं आलंय विष, असं सगळ्यांनाच वाटलं.

पोलिसांच्या डॉक्टरने कारण लिहून दिलं. लूलेने तो कागद वाचला नाही. तिला वाम्बोला भेटला होता. तो म्हणाला, "बाई, तुझा मुलगा गुदमरला नाही. त्याला बोलावणं आलं. तू पट्ट्या लावल्यास म्हणून त्याचा आत्मा इथेच राहिला, बाहेर सांडला नाही." ज्या आईने स्वतःच्या हाताने फटी बुजवल्या, तिला यापेक्षा गोड औषध जगात कुणी देऊ शकलं नसतं. मग दर शनिवारी दुपारी बैठक भरू लागली. आत आल्यावर दाराच्या सांध्यावर ताजी पट्टी लूलेनेच लावायची, जाण्याआधी दारातल्या डब्यात पाकीट टाकायचं. जाणता पैसे मागत नसे. डबा मागत असे.

गेल्या शनिवारी लूले घरी येताना बर्फात दोनदा पडली, दारात ओकली आणि हसत म्हणाली, "आज त्याने मला मिठी मारली." तिचे गाल गुलाबी झाले होते. मस्त सौना झाल्यावर होतात तसे, असं शेजारीण म्हणाली. एहाने मात्र तो गुलाबी रंग आधी पाहिला होता. आर्गो सापडला तेव्हा त्याच्या गालांवर तोच होता.

आज आर्गोचा वाढदिवस. आज दुप्पट वेळ बैठक.

एहा आईला वाचवायला आली होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे तिला तो माणूस गुडघ्यांवर आलेला बघायचा होता.

*पत्रक, पान ५. बंदिस्त जागेत* (पुढे ग्रीसचा डाग नाही, काही नाही. स्वच्छ छापलंय.) *वापरू नये.*

एहा गावातली धुराडी साफ करते. अंगात काळा कोट, पितळी बटणं. दिसली की लोक नशिबासाठी बटणाला हात लावून घेतात. आज दारातच गॅरेज मंडळाचा अध्यक्ष काल्यो, आयुष्यभर ट्रक चालवलेला म्हातारा, बोट पुढे करून आला होता.

"नशीब आलं आमच्यात."

"नशिबाला आत यायला फट लागते, काल्यो. एकही ठेवलेली नाहीस."

"बाहेर उणे एकोणीस आहे, पोरी. फट ठेवून कावळ्यांना ऊब देऊ काय?"

कोटाच्या आत, कमरेला, तिचं रोजच्या कामाचं मोजयंत्र होतं. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे किती भाग आहेत, ते सांगणारं. आवाज तिने बंद ठेवला होता. पहिला आकडा तिला लोकांसमोर, तोंडाने सांगायचा होता.

शून्य. बारा. ज्योत पिवळी झाली. नव्वद.

दोनशे दहा.

एहा उठली.

"जाणतेबाबा, एक शंका आहे."

"शंका ही आत्म्याची खरूज आहे, मुली."

"खाजवून घेते मग. काल्यो, सगळ्यांच्या तोंडाकडे बघ. लालगुलाबी. आता यांच्याकडे बघ. पांढरे. आर्गो सगळ्यांना मिठी मारतो आणि यांनाच का टाळतो?"

माना वळल्या. वाम्बोलाने कोटाची कॉलर वर केली. "मी वाट आहे. वाट गरम होत नाही."

"वाट नाही, भोक आहे." एहा खुर्च्यांमधून पुढे गेली. "धुराडी बघून पोट भरते मी. या भिंतीत पूर्वी शेगडीचं नळकांडं होतं. ते तुमच्या पाठीमागे आलं. उठा."

तो उठला नाही. तिने त्याला बाहीला धरून बाजूला केलं. भिंतीत वाटीएवढं भोक होतं, बोळा काढून खाली ठेवलेला. तिने दाराला लावून उरलेली एक कोरडी पट्टी भोकासमोर धरली. पट्टी फडफडली. बाहेरचा गार वारा तासभर जाणत्याच्या मानेवर, नाकातोंडावर येत होता.

"आता सोन्याची पावलं बघा." तिने वाकून हीटरच्या मागची एक तार बोटाने उचलून दाखवली. तारेच्या एका टोकाला हीटरच्या हवेच्या तोंडावर बसलेला पत्र्याचा तुकडा होता, दुसरं टोक वाम्बोलाच्या बुटाकडे जात होतं. "पाय सरकवला की पत्रा हवेच्या तोंडावर येतो. हवा तुटली की गॅस अर्धवट जळतो आणि ज्योत पिवळी होते. त्याच अर्धवट जळण्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड, पाय हलके, मळमळ. कुणाचाही आत्मा लागत नाही त्याला."

"यंत्रतंत्र करून श्रद्धा मोडता येत नाही," वाम्बोला म्हणाला. आणि त्याच वेळी त्याच्या छातीपाशी काहीतरी गुरगुरलं. मुकं, थरथरतं.

एहाला हे माहीत नव्हतं. ती त्याला मूर्ख समजत होती, काही न मोजता दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारा मूर्ख. तिने त्याच्या आतल्या खिशात हात घातला. बाहेर आलं ते बाजारात मिळणारं वायूचं गजरयंत्र, गजराच्या तोंडावर चिकटपट्टी लावलेलं. तिने स्वतःचं यंत्र काढून शेजारी धरलं आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

तीनशे ऐंशी.

तीनशे ऐंशी.

"म्हणून बैठक कधी लांबत नव्हती," काल्यो सावकाश म्हणाला. "'आत्मा दमला' म्हणायचा. हे वाजायचं."

माणसं उठली. काही जणांना उठता येईना, त्यांना दुसऱ्यांनी ओढलं. मोठ्या दारातल्या छोट्या दाराची पट्टी फाटली. एहाने आईला जवळजवळ उचलून बर्फात नेलं.

"सोड मला," लूले म्हणाली. "तुझी यंत्रं खोटं बोलतील. तू जाणत्याचा राग करतेस, तू खोटं बोलशील. त्याने स्वतः सांगितलं तरच मानेन."

एहाने आईकडे पाहिलं, मग छोट्या दाराकडे. त्यातून वाम्बोला बाहेर पाय टाकत होता. तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला, त्याला आत ढकललं, स्वतः आत गेली आणि आतून खिटी घातली. दाराला पाठ लावली. मागच्या भोकात बोळा घालायला ती विसरली नाही.

*पत्रक, पान ५. वापरणे भागच असल्यास दार व समोरची खिडकी उघडी ठेवावी. जागेत कुणी झोपू नये. एकट्याने*

चारशे दहा.

"बसा. आईच्या खुर्चीवर."

"दार उघड."

"का? आर्गो आलाय ना. मिठी मारू द्या त्याला."

"तूही मरशील, वेडे."

"कशाने?"

त्याने खिटीकडे पाहिलं.

चारशे साठ. पिवळी ज्योत डोलत होती. एहाच्या कपाळात एक ठोका पडायला लागला.

"कशाने मरेन, वाम्बोला? मोठ्याने सांगा. ती दारापलीकडेच उभी आहे."

"वायूने," तो म्हणाला.

"ऐकू गेलं नाही."

"वायूने! कार्बन मोनॉक्साइडने. वीस वर्षं गॅसच्या शेगड्या दुरुस्त केल्या मी, मला शिकवतेस? तुझा भाऊ गुदमरून मेला. इथे कुणी येत नाही. कधीच आलं नाही. उघड आता."

मिळालं. ज्यासाठी आली होती ते मिळालं. हात मागे नेऊन खिटी काढायची एवढंच उरलं होतं.

पाचशे वीस.

हात गेला नाही. वाम्बोला खाली बसला, मग गुडघ्यांवर आला. हेच तर बघायचं होतं. अजून थोडं. आर्गोला किती वेळ लागला असेल तेवढं तरी. त्याचेही गाल आता गुलाबी होत होते, आणि एहाला त्या रंगाचं फार समाधान वाटलं.

पाचशे ऐंशी.

दारावर मूठ आपटली.

"एहा." आईचा आवाज. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा शुद्धीवरचा. "ऐकलं मी. पट्ट्या मी लावल्या होत्या. माहितीये मला, पहिल्या दिवसापासून माहितीये. उघड. दुसरं लेकरू मी याच जागेत देणार नाही."

एहाने खिटी काढली.

वाम्बोला रांगत बर्फावर आला आणि ओकला. कुणी त्याला हात दिला नाही. "साठलेलं दुःख सुटतंय त्याचं," काल्यो म्हणाला. "फारच उत्तम." मग त्यानेच आधी रुग्णवाहिका आणि नंतर पोलिसांना बोलावलं. त्याने दोन्ही यंत्रं आणि पत्र्याचा तुकडा रुमालात बांधून पोलिसांच्या हातात दिले.

गॅसच्या बाटलीची तोटी एहाने फिरवून बंद केली. लूले आत गेली, दोन्ही मोठी दारं सताड उघडून, नखांनी पट्ट्या खरवडायला लागली. सगळ्या निघेपर्यंत ती थांबली नाही.

सोमवारी गॅरेजांच्या प्रत्येक दारावर एक कागद लागला. तो एहाने लिहिला होता, आणि मंडळाने त्यातला एकही शब्द बदलायचा नाही असं ठरवलं होतं.

*भाऊ पुरायचा नसेल तर वाचा. वीज असेल तर विजेचा हीटर घ्या. जाळायचंच असेल तर ज्याचा धूर स्वतःच्या नळीने भिंतीबाहेर जातो तोच घ्या. उघड्या ज्योतीचा घेतलाच, तर हवा कमी पडली की विझणारा आणि कलंडला की बंद होणारा घ्या. तो विझला तर त्याच्यावर चिडू नका, तो तुमचा जीव वाचवतोय. तार पिळणाऱ्याने आपलं नाव आधीच दगडावर कोरून ठेवावं. पेट्रोलचा डबा आणि ज्योत एका छताखाली नको. दार वीतभर उघडं, समोरची खिडकी उघडी. थंडी वाजेल. वाजू द्या, थंडी वाजणारा माणूस जिवंत असतो. गजरयंत्र लावा आणि त्याचं तोंड बांधू नका. डोकं जड झालं तर कोण आलंय ते विचारत बसू नका. बाहेर पडा. मेलेलं माणूस परत येत नाही. येतं असं सांगणाऱ्याला आधी त्याच्या स्वतःच्या खुर्चीवरून उठवून तुमच्या खुर्चीवर बसवा.*

काल्योने कागद दोनदा वाचला. मग सवयीने त्याचं बोट एहाच्या कोटाच्या बटणाकडे गेलं.

तिने ते हवेतच धरलं आणि गॅरेजाच्या कडीवर ठेवलं.

"इथे लाव," ती म्हणाली. "आणि उघड."